काटकसर की आजार?

सासरे जुन्या वायरीसुद्धा टाकू देत नाहीत, हा आजार की काटकसर, असं विचारलंत. वस्तू टाकवतच नाहीत अशा मानसिक आजाराला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. पसारा किती यापेक्षा टाकायची वेळ आली की त्यांचं काय होतं ते बघा. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या शेजारच्या मामांकडे चादरींच्या कात्रणांची पोती पार गॅसच्या शेगडीला टेकली होती. एक पोतं हलवलं की मामांचे हात थरथरायचे.

तपासताना स्वयंपाकघर, बेडरूम, हॉल यांचे वाढत्या पसाऱ्याचे प्रत्येकी ९ फोटो दाखवतात. आपल्या खोलीशी चौथा किंवा पुढचा फोटो जुळला तर प्रकरण गंभीर. फक्त सासऱ्यांना विचारू नका, त्यांना सगळं नीटनेटकंच दिसणार! मानसिक आजारांच्या यादीचं अमेरिकन पुस्तक डीएसएम-५, ते २०१३ मध्ये आलं तेव्हापासून हा स्वतंत्र आजार आहे. उतारवयात नव्यानं सुरू झालं असेल तर स्मृतिभ्रंशाचीही तपासणी करून घ्या. आणि ते गावाला गेलेत म्हणून गुपचूप भंगारवाल्याला बोलावू नका हो.