राखीव जिम्नॅस्ट म्हणून निवड झाली आहे : मुलीला पाठवावे का?

ठाणेकर आई

नमस्कार. माझी मुलगी 13 वर्षांची असून लहानपणापासून आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते. येत्या राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड चाचणीनंतर तिचे नाव संघाच्या यादीत आले, पण राखीव खेळाडू म्हणून. चारही साधनांच्या गुणांची बेरीज केली तर ती जिच्या पुढे होती, ती मुलगी मुख्य संघात आहे. प्रशिक्षकांनी कारण समजावून सांगितले, परंतु ते मला नीट उमगले नाही. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की खेळायला मिळण्याची खात्री नसताना शाळा बुडवून आणि एवढा खर्च करून परगावी जायचे कशाला. मुलगी मात्र जायचेच म्हणते, आणि त्याच वेळी कोणी अभिनंदन केले की चिडते.

अधिक गुण मिळवणारी मुलगी मागे का राहते, राखीव खेळाडूला तिथे प्रत्यक्षात काय करायचे असते आणि या काळात तिच्याशी कसे बोलावे, हे जाणकारांनी सांगितल्यास मोठा आधार होईल.

बीमवरची नजर

ताई, मी बरीच वर्षे या खेळात पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

संघ निवडताना समितीसमोर मुलींच्या एकूण गुणांइतकाच साधनांचा तक्ता असतो. पॅरिस ऑलिंपिकचे (2024) उदाहरण घ्या. तिथे संघात पाच खेळाडू होत्या. पात्रता फेरीत प्रत्येक साधनावर चौघी उतरत आणि त्यांतील सर्वोत्तम तिघींचे गुण धरले जात. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक साधनावर तिघीच उतरत आणि तिघींचेही गुण धरले जात. म्हणजे व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून उडी), असमान बार (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्या), बीम (अरुंद तोलफळी) आणि फ्लोअर (जमिनीवरील कसरती) ही चार साधने मिळून अंतिम फेरीत एका संघाची 12 रूटीन (कसरतींची सलग सादरीकरणे) होतात आणि त्यांतील एखादी खेळाडू पडली तरी तिचे गुण वगळता येत नाहीत. समितीला हे 12 रकाने सर्वांत चांगल्या रीतीने भरायचे असतात.

समजा, आपली मुलगी चारही साधनांवर प्रत्येकी 11 गुण मिळवते, म्हणजे एकूण 44. दुसरी मुलगी बारवर 12.5 आणि उरलेल्या तीन साधनांवर 10 मिळवते, म्हणजे एकूण 42.5. आता संघात व्हॉल्ट, बीम आणि फ्लोअरवर 11.5 मिळवणाऱ्या तिघी आधीच असतील, पण बारवरची तिसरी मुलगी 10.5 च्या पुढे जात नसेल, तर आपल्या मुलीमुळे संघाची बेरीज अर्ध्या गुणाने वाढते आणि दुसरीमुळे दोन गुणांनी. प्रशिक्षकांना बहुधा हेच सांगायचे असावे. यात आपल्या मुलीच्या कसबावर कोणताही ठपका नाही. उलट, चारही साधनांवर सारखेपणाने भरवशाची असणारी मुलगी राखीव जागेसाठी फार मोलाची असते, कारण दुखापत कोणाला होईल आणि कोणते साधन रिकामे पडेल हे आधी ठाऊक नसते.

पॅरिसच्या अंतिम फेरीत अमेरिकेच्या सिमोन बाइल्स आणि जॉर्डन चाइल्स चारही साधनांवर उतरल्या, सुनी ली व्हॉल्ट सोडून तिन्हींवर उतरली आणि जेड केरी केवळ व्हॉल्टवर. हेझली रिवेरा अंतिम फेरीत एकाही साधनावर उतरली नाही. पात्रता फेरीत ती बार आणि बीमवर खेळली होती आणि संघाची सदस्य म्हणून तिला सुवर्णपदक मिळाले. मुख्य संघातील जागा आणि प्रत्यक्ष खेळणे यांतही किती अंतर असते, ते यावरून दिसेल. आपल्या स्पर्धेत किती जणी उतरतात आणि किती गुण धरतात, हे परिपत्रकात अवश्य पाहावे, कारण हे नियम स्पर्धेनुसार बदलतात.

मिनेसोटातील मराठी

मी मिनिआपोलिसजवळ राहतो. अमेरिकेची 2024 ची ऑलिंपिक निवड चाचणी याच शहरात झाली. त्या काही दिवसांत शिलीस जोन्सचा गुडघा दुखावला, तर स्काय ब्लेकली आणि केला डिसेलो या दोघींचा घोट्यामागचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) तुटला. तिघींकडेही संघाच्या प्रबळ दावेदार म्हणून पाहिले जात होते. एवढ्या मोठ्या देशालाही राखीव खेळाडूंविना का चालत नाही, हे तेव्हा मला पुरते समजले.

त्या वेळी जॉसलिन रॉबरसन आणि लिॲन वाँग या दोघी राखीव म्हणून निवडल्या गेल्या. वाँगची ही दुसरी खेप होती. टोकियोच्या वेळीही (2021) ती राखीव होती. तिथे सरावाच्या काळात दुसरी राखीव खेळाडू कारा ईकर हिला कोविडची लागण झाली आणि निकट संपर्कात आल्यामुळे वाँगला विलगीकरणात बसावे लागले. इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर ऑलिंपिकच्या देशात पोहोचायचे आणि खोलीत अडकून पडायचे, याहून कठोर गोष्ट त्या वयात कोणती असेल, मला सांगता येत नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधील किताक्युशू येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत चारही साधनांच्या वैयक्तिक अंतिम फेरीत वाँगने रौप्य आणि डिसेलोने कांस्यपदक मिळवले. डिसेलोही टोकियोची राखीवच. पुढे 2025 मध्ये जकार्ता येथे वाँगने त्याच प्रकारात पुन्हा रौप्यपदक पटकावले आणि रॉबरसनने व्हॉल्टवर कांस्य. राखीव ठरलेली खेळाडू दुय्यम असते, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना ही नावे जरूर सांगावीत.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. जलतरणाच्या रिलेत केवळ प्राथमिक फेरीत पोहलेल्या खेळाडूलाही संघाबरोबर पदक मिळते. जिम्नॅस्टिक्समध्ये शेवटच्या दिवसापर्यंत सज्ज राहिलेल्या राखीव खेळाडूच्या गळ्यात ऑलिंपिक पदक पडत नाही. हा नियम बदलायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

ठाणेकर आई

आपणा दोघांचेही मनापासून आभार. गुणांचे गणित मी मुलीला कागदावर मांडून दाखवले आणि ती पहिल्यांदाच शांतपणे ऐकत राहिली. नंतर तिने जे विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. ती म्हणाली, "कोणाला तरी लागले तरच मला खेळायला मिळणार. मग मी नक्की कशाची वाट बघायची?"

नाशिकची प्रशिक्षक

ताई, मी स्वतः शालेय वयात राखीव होते आणि आता लहान मुलींना शिकवते. आपल्या मुलीने विचारलेला प्रश्न प्रत्येक राखीव मुलीच्या मनात येतो, फक्त बहुतेक मुली तो बोलून दाखवत नाहीत आणि असा विचार मनात आला म्हणून स्वतःलाच वाईट समजू लागतात. तिला स्पष्ट सांगा, की खेळावेसे वाटणे म्हणजे मैत्रिणीचे वाईट चिंतणे नव्हे. हे एकदा मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकले, की सरावात त्याच मैत्रिणीला मोकळ्या मनाने दाद देणे सोपे जाते. अभिनंदनाचा आग्रह मात्र धरू नका. तिला वाईट वाटते आहे आणि ते वाटायला पुरेसे कारण आहे.

कशाची वाट बघायची, याचे माझे उत्तर असे, की वाट बघायची नाही, तयारी ठेवायची. आणि ही तयारी नेमकी ठरवून घ्यावी लागते. पॅरिसमध्ये चीनच्या पुरुष संघातील सुन वेईला दुखापत झाल्यामुळे ऐन वेळी राखीव सू वेइदे संघात आला. शेवटच्या साधनापूर्वी चीनकडे जपानवर तीन गुणांहून अधिक आघाडी होती; हाय बारवर (उंच आडव्या दांडीवर) सू दोनदा पडला आणि चीनचे सुवर्ण 0.532 गुणांनी हुकले. त्याच्यावर फार कठोर टीका झाली. मला तो दोष एकट्या खेळाडूचा वाटत नाही. राखीव खेळाडूला एखाद्या साधनावर उतरवण्याची वेळ येऊ शकते हे माहीत असताना त्या साधनाचे दडपणाखालचे पूर्ण रूटीन तिच्याकडून किंवा त्याच्याकडून सरावात करून घेणे, ही प्रशिक्षकांची जबाबदारी असते.

म्हणून निघण्यापूर्वी प्रशिक्षकांना विचारा, की कोणत्या साधनावर कोणाच्या जागी तिचा विचार होणार आहे, खेळाडू बदलण्याची मुदत कधी संपते आणि स्पर्धेच्या साधनांवरील सरावात तिला भाग घेता येईल का. मुदत संपल्यावर बदल होत नसेल, तर तो क्षण तिला आधी माहीत असू द्या, म्हणजे त्यानंतर ती निवांतपणे स्पर्धा पाहू शकेल. टोकियोत अंतिम फेरी सुरू झाल्यावर बाइल्सने एका व्हॉल्टनंतर माघार घेतली, तेव्हा संघातील उरलेल्या तिघींनीच स्पर्धा पूर्ण केली. बाहेरून कोणाला आणण्याची सोय नव्हती.

आणखी एक. मुख्य संघातील मुलींचा सराव स्पर्धेजवळ हलका केला जातो, पण राखीव मुलगी स्वतःला सिद्ध करण्याच्या ओढीने जास्तीच्या उड्या मारत राहते आणि घोटे, मनगटे दुखावून घेते. यावर आपण घरून लक्ष ठेवावे. शाळेचे म्हणाल, तर मुख्याध्यापकांना निवडीचे पत्र दाखवून बुडालेल्या चाचणीची सोय आधीच लेखी मागावी. परंतु सराव करू देणार नसतील आणि तिची भूमिकाही कोणी सांगू शकत नसेल, तर न पाठवण्याचा निर्णयही मी चुकीचा मानणार नाही.

ठाणेकर आई

आज प्रशिक्षकांशी बोलणे झाले. स्पर्धेच्या साधनांवर तिला संघाबरोबर सराव करता येईल, बीम आणि फ्लोअरसाठी पहिली बदली खेळाडू तीच असेल आणि यादीत बदल करण्याची मुदत स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या तांत्रिक बैठकीपर्यंत आहे. तिला हे सांगितल्यावर तिने लगेच विचारले, की बीमवरच्या रूटीनमधील डळमळणारी उडी काढून टाकावी की तशीच ठेवावी. याचा निर्णय सर आणि ती मिळून उद्याच्या सरावात घेतील. आम्ही तिला पाठवत आहोत.