शब्दचर्चा : ‘साधा कॅनन’ मराठीत कसा आणावा?

प्रश्न : जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सच्या ‘थिओडिसी’ या ग्रंथात (१७१०) एक उल्लेख आहे. फ्रीडरिश श्पे या जेझुइटाने (एका कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने) चेटकिणींच्या खटल्यांविरुद्ध १६३१ साली निनावी पुस्तक काढले. त्याने योहान फिलिप फॉन श्योनबोर्नचे मत पालटले. हा श्योनबोर्न तेव्हा ‘साधा कॅनन’ होता. मी ‘साधा पाद्री’ लिहिलंय. चालेल का?

उत्तर : नाही चालणार, ताई. पाद्री म्हटलं की झगा घालून प्रार्थना सांगणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. श्योनबोर्न १६०५ साली एका सरदार घराण्यात जन्मला. पोरवयातच त्याला जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चमध्ये, कॅननची (तिथल्या कारभारी मंडळातली) जागा मिळाली, पुढे माइन्त्स शहरातही. १६४२ मध्ये तो व्यूर्त्सबुर्गचा राज्यकर्ता बिशप म्हणून निवडून आला, पण धर्मगुरूची दीक्षा त्याने घेतली १६४५ मध्ये! इतकी वर्षं तो कॅनन होता आणि पाद्री नव्हता.

जर्मन शब्द आहे ‘डोमहेर’. डोम म्हणजे कॅथेड्रल, हेर म्हणजे स्वामी. ही जागा मिळायला कूळ सिद्ध करावं लागे. पुष्कळ ठिकाणी सोळाच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्या सरदार घराण्यांतल्या हव्यात, अशी अट असे. त्यांच्या ढालींची चित्रं एका तक्त्यावर ओळीने रंगवत आणि दुसरे सरदार शपथेवर त्याची ग्वाही देत. मग कॅथेड्रलच्या जमिनींच्या उत्पन्नातला वाटा सुरू होई आणि बिशप निवडायचं मतही मिळे.

‘वतनदार’ सुचतं, पण वतन बापाकडून मुलाकडे जाई. इथे तसा वारसा नव्हता. काकामागून पुतण्या मात्र येई : श्योनबोर्नचाच पुतण्या लोथार फ्रान्झ १६९५ मध्ये माइन्त्सचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेला राज्यकर्ता आर्चबिशप, झाला. मला ‘मानकरी’ जवळचा वाटतो.

आणखी एक, मला फार आवडणारी गोष्ट. कॅनन शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘कानोन’ आहे, म्हणजे मापाची काठी, नियम. तोच अरबीत ‘कानून’ झाला आणि आपल्याकडे ‘कायदेकानू’त येऊन बसला. परका वाटणारा हा शब्द आपल्या कानूचा सख्खा भाऊ आहे.

प्रश्नकर्ती : मग ‘साधा मानकरी’ करू?

उत्तर : ‘साधा’ही बदला. लाइब्निट्सने पुढे याच श्योनबोर्नच्या पदरी नोकरी केली, तेव्हा श्योनबोर्न माइन्त्सचा इलेक्टर होता आणि आपल्या मुलखातले चेटकिणींचे खटले त्याने बंद पाडले होते. हे सगळं व्हायच्या आधीचा, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ‘तेव्हा नुसता कॅथेड्रलचा मानकरी असलेला’ असं लिहा.