उबुंटू २४.०४ : पॅकेज बसवलेले असूनही ‘लिबएआयओ.एसओ.१’ सापडत नाही

प्रश्न
नमस्कार. उबुंटू (लिनक्स) २२.०४ वरून २४.०४ वर आल्यापासून डेटाबेसला जोडण्यासाठी वापरत असलेला जुना क्लायंट सुरूच होत नाही, ‘लिबएआयओ.एसओ.१’ ही लायब्ररी (प्रोग्रामला चालताना लागणारी सामायिक कोडची फाइल) उघडता येत नाही, एवढाच संदेश टर्मिनलवर येतो. हा प्रोग्राम एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) नव्हे, तर झिप फाइल उतरवून बसवलेला आहे. त्या लायब्ररीचे ‘लिबएआयओ१’ हे पॅकेज बसवण्याची कमांड दिली, तेव्हा एपीटीने त्याऐवजी ‘लिबएआयओ१टी६४’ निवडले आणि ते आधीच बसवलेले असल्याचे सांगितले. आता २२.०४ चे जुने पॅकेज आणून बसवावे का?

उत्तर १
जुने पॅकेज आणू नये. त्याला या आवृत्तीत सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. शिवाय लायब्ररी आपल्याकडे आहेच, फक्त नाव बदललेले आहे. ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, म्हणून डेबियन (उबुंटू ज्यावर आधारित आहे ती प्रणाली) आणि उबुंटू यांनी ती ६४ बिटांवर नेताना अनेक लायब्रऱ्यांच्या पॅकेजांना ‘टी६४’ हे शेपूट जोडले. बहुतेक ठिकाणी आतल्या फाइलचे नाव जुनेच राहिले. येथे मात्र फाइलही ‘लिबएआयओ.एसओ.१टी६४’ झाली. एपीटीने येणारे प्रोग्राम नव्या नावासह पुन्हा बिल्ड झाले, तर आपला क्लायंट त्याच्यात नोंदलेले जुनेच नाव शोधत बसला आहे. इंटेल किंवा एएमडीच्या ६४-बिट यंत्रावर वेळ पूर्वीपासूनच ६४ बिटांची असल्यामुळे लायब्ररीची आतली रचना बदललेली नाही, तेव्हा जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी नोंद) नव्या फाइलकडे करून दिली की काम होते.

उत्तर २
सहमत आहे, मात्र ती सिमलिंक सिस्टीमच्या फोल्डरमध्ये न करता क्लायंटच्याच फोल्डरमध्ये करावी आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ (लायब्ररी कोणत्या फोल्डरमध्ये शोधावी हे सांगणारे व्हेरिएबल) तेवढ्या प्रोग्रामपुरता द्यावा. हा उपाय सरसकट चालत नाही, हेही लक्षात घ्यावे. ‘लिबएसएसएल.एसओ.१.१’ (एन्क्रिप्शनच्या ओपनएसएसएलची जुनी लायब्ररी) मागणाऱ्या प्रोग्रामला ‘लिबएसएसएल.एसओ.३’ त्या नावाने दिल्यास लोडर (प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडून देणारा भाग) ‘ओपनएसएसएल_१_१_०’ ही आवृत्ती सापडत नसल्याचे सांगून थांबतो, कारण तेथे रचनाच वेगळी आहे.

प्रश्नकर्ता
‘एलडीडी’ने (प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणाऱ्या कमांडने) पाहिले असता तीच एक लायब्ररी गहाळ दिसत होती. क्लायंटच्या फोल्डरमध्ये सिमलिंक केल्यावर जोडणी झाली. दोघांचेही आभार.

उत्तर १
‘एलडीडी’ काही परिस्थितींत तपासला जाणारा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकते, म्हणून अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलसाठी ‘ऑब्जडंप -पी’ ही कमांड वापरून त्यातील ‘नीडेड’च्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या, ओळी वाचाव्यात.