'समवयस्क समर्थन व वकालत': याला बरं मराठी काय?

इंदिरानगरची

मंडळी, एक शब्द हवाय, आणि तोही गुरुवारच्या आत. पत्रक छापायला टाकायचंय.

आमचा नाशिकमधल्या पालकांचा छोटासा गोतावळा आहे. कुणाच्या मुलाला ऑटिझम आहे, कुणाच्या सेरेब्रल पाल्सी, दोघींच्या मुलींना डाउन सिंड्रोम. ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच काही सांगितलंय आणि ज्यांच्या डोक्यात नुसतं घोंघावतंय, अशांना आमच्यातले जुने पालक जाऊन भेटतात. दिव्यांग प्रमाणपत्राच्या दिवशी सोबत जातात, शाळेत मुख्याध्यापकांसमोर सोबत बसतात. इंग्रजीत याला पीअर सपोर्ट आणि अ‍ॅडव्होकसी म्हणतात. आमच्या हाती आलेल्या मसुद्यात त्याचं मराठी केलंय 'समवयस्क समर्थन व वकालत'.

मी ते बैठकीत वाचून दाखवलं. निफाडहून येणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "समवयस्क म्हणजे पोराच्या वयाची पोरं आणायची का?" मागून एक काका, "आणि वकिलाची फी कोण देणार?"

'आधारगट' वापरून झालाय. गेल्या वर्षी बाहेरच्या फळ्यावर लिहिला, तर दोन आजोबा आधारकार्डावरचा पत्ता बदलायला येऊन बसले. नुसतं 'गट' म्हटलं की बायकांना बचतगट आठवतो आणि हप्ता किती, हा पहिला प्रश्न येतो.

जुना मुद्रितशोधक

'समवयस्क' सरळ चूक आहे. इथे बरोबरी वयाची नाही, परिस्थितीची आहे. आपल्याकडे ती 'ज्याचं जळतं त्याला कळतं' एवढ्यात सांगून होते, पण म्हण काही पत्रकाच्या मथळ्यात बसत नाही. 'समदुःखी' चालेल का पाहा.

'वकालत' हे हिंदी वळण, मराठीत 'वकिली'. आणि तुमच्या काकांना फीच आठवली असली तरी शब्द मुळात कोर्टातला नाही. अरबीतून आला तो 'एखाद्याच्या वतीने काम करणारा' या अर्थाने. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी राहून आपल्या धन्याचं म्हणणं मांडणारा आणि तिथली खबर पत्राने कळवणारा माणूस. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे आपल्या नाशिकचेच. चांदोरीला त्यांचा वाडा आहे. तुमच्या ताया मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन जे करतात, ते या जुन्या अर्थाने पक्की वकिली आहे.

पण आजच्या कानाला तो अर्थ ऐकू येत नाही, हेही खरं. "त्याची वकिली करू नकोस" असं आपण म्हणतो तेव्हा तो चुकलाय हे गृहीतच धरलेलं असतं.

दुसरा शब्द 'कैवार'. भारदस्त आहे. फक्त कैवार घ्यायचा तो दीनाचा, अनाथाचा. विठ्ठलाला शोभतो.

इंदिरानगरची

काका, हिंगण्यांची माहिती बैठकीत सांगणार! पण 'समदुःखी' नको. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, द्वारका ते त्र्यंबक रस्त्यावरचे सगळे बसथांबे त्याला क्रमाने पाठ आहेत आणि त्याच्या घरी असण्याचं मला दुःख नाही. दमणूक आहे, ती वेगळी.

समदुःखी म्हटलं की दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडताहेत असं चित्र उभं राहतं. आमच्याकडे तसं होत नाही असं नाही. पण माझ्या बाबतीत काय झालं सांगते. आम्ही पहिल्यांदा प्रमाणपत्राच्या तपासणीला गेलो. दवाखान्याचं नाव नको. बाकावर तीन तास. शेजारी एक बाई, तिची मुलगी माझ्या मुलापेक्षा मोठी. तिने न विचारता माझी पिशवी ओढली, सगळे कागद मांडीवर घेतले आणि क्रम लावला: ऑनलाइन अर्जाची पावती वर, मग आधार, मग जुने रिपोर्ट, प्रत्येकाच्या मागे झेरॉक्स. आणि म्हणाली, "त्या ट्यूबलाइटखाली बसू नका, ती गुणगुणते. खिडकीकडे सरका, पोरगा शांत होईल." झालाही. तोवर मला ट्यूबलाइटचा आवाज येतो हेच माहीत नव्हतं. डॉक्टर, थेरपिस्ट, कुणीच सांगितलं नव्हतं.

तिने केलं त्याला काय म्हणायचं? दुःख बाजूलाच राहिलं हो त्यात.

बागलाणी

याला आमच्या सटाण्याकडे कुणी नाव देणार नाही, पण शब्द आहे. पाठराखीण.

नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई किंवा मुलगी तिच्यासोबत धाडायचे. लहान बहीण असेल, आत्या असेल. ती नवरीच्या जागी बोलत नाही, तिच्या वाटचं काम करत नाही. फक्त परक्या घरात दोन दिवस ओळखीचं माणूस सोबत असतं. पाणी कुठे, न्हाणी कुठे, कुणाला काय म्हणून हाक मारायची, हे हळूच कानात सांगते. मी स्वतः दोनदा पाठराखीण गेले आहे. दोन्ही वेळा जेवायला चंगळ.

ज्या आईला काल निदान कळलं, तीही परक्या घरीच आलेली असते. तिथले शब्द निराळे, माणसं निराळी, रीत निराळी.

जुना मुद्रितशोधक

वा. मग भाववाचक नाम 'पाठराखण' आपोआप मिळालं. एक खोट मात्र सांगून ठेवतो. वर्तमानपत्रांनी तो शब्द बिघडवलाय. 'आरोपीची पाठराखण', 'नेत्याकडून कार्यकर्त्याची पाठराखण'. तिथे त्याचा अर्थ पांघरूण घालणं असा होतो. मी स्वतः असे मथळे पास केले आहेत, तेव्हा पापात वाटेकरी आहे.

सातपूरचा बाप

फर्स्ट शिफ्ट करून आलोय, थोडक्यात लिहितो. पाठराखण आवडला. पण अर्धंच काम झालं. दुसरं काम पाठ पुरवायचं.

माझ्या मुलीला शाळेने तोंडी सांगितलं, आमच्याकडे अशा मुलांसाठी शिक्षक नाही. तोंडी. कागदावर एक अक्षर नाही. आमच्यातले एक जण सोबत आले. त्यांनी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 छापून नेलं होतं: भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. आवाज चढवला नाही. "नकार लेखी द्या" एवढंच म्हणाले. पुढच्या मंगळवारी परत, त्याच्या पुढच्या मंगळवारी परत. पाचव्या मंगळवारी प्रवेश झाला. याला मी पाठपुरावा म्हणतो. वकिली एका तारखेला होते, पाठपुरावा पाच मंगळवार चालतो.

अवांतर, पण शब्दाचंच आहे. 'पालक' या शब्दाने माझी फार गंमत केली. शाळेच्या वहीत मी पालक. मुलगी 18 ची झाली की कायद्याने ती सज्ञान, मी नुसता बाप. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर पुढचं कायदेशीर पालकत्व मागावं लागतं; 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आपण आत्तापर्यंत भाजीतले पालक होतो का?

इंदिरानगरची

दादा, हे 18 वर्षांचं आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नसतं. पत्रकात टाकते.

मागच्या बाकावरचा

मी 24 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, बोलायला वेळ लागतो, टाइप करायलाही. सगळे पालकच बोलताहेत म्हणून मध्ये पडतो.

लहानपणी डॉक्टर माझ्याकडे बघून आईला विचारायचे, "याला दुखतं का?" आई सांगायची, दुखतं. बहुतेक वेळा बरोबर असायचं. पण सातवीत एकदा तिने मला विचारलं, आज तू सांगशील? मी सांगायला दोन मिनिटं घेतली. डॉक्टर चुळबुळले. आई काहीच बोलली नाही. मदत करायची म्हणूनही नाही.

म्हणून मला 'कैवार' नको आणि 'पाठराखीण' चालेल. ती मागे बसते.

बागलाणी

अरे बाळा. तुझी आई कुठली रे?

मागच्या बाकावरचा

येवल्याची.

जुना मुद्रितशोधक

आता गंमत पाहा. पाठराखण, पाठपुरावा, पाठबळ, पाठिंबा, पाठीवर हात ठेवणं, पाठ थोपटणं. आणि उलट बाजूला पाठ फिरवणं. मदतीचे शब्द मराठीने सगळे पाठीतून काढलेत. तोंडातून काढलेला एक 'बाजू मांडणे'. तोही वाईट नाही, पण या तरुणाचं ऐकल्यावर मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

पुल्लिंगाचं विचाराल तर 'पाठराखा' कुणी म्हणत नाही. 'पाठीराखा' आहे, भाऊबीजेतला. सातपूरच्या दादांसाठी तो घ्या.

आणि नाशिकला हे काम नवं नाही. प्रबोधिनी ट्रस्टची शाळा रजनीताई लिमयांनी 1977 साली सुरू केली, ती स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधून थकल्यावर. पीअर हा शब्द तेव्हा इथे कुणी ऐकला नसेल. नावही बघा कसं निवडलं: प्रबोध म्हणजे जाग.

सातपूरचा बाप

सर, 'निराधार'वर पण कधीतरी बोला. अनुदानाच्या फॉर्मवर मुलीच्या नावापुढे तोच शब्द छापलेला असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना. मी शेजारी उभा आहे, सही माझी आहे, आणि ती निराधार.

जुना मुद्रितशोधक

त्यावर वेगळा धागा काढतो. इथे दोन ओळींत होणार नाही.

इंदिरानगरची

ठरलं. मथळा: 'पाठराखण आणि पाठपुरावा'. खाली बारीक अक्षरात: 'दिव्यांग मुलांच्या पालकांनी पालकांसाठी'. आतल्या मजकुरात पाठराखीण आणि पाठीराखा दोन्ही. समवयस्क गेला, वकालत गेली. आधारगटही गेला, आजोबांची क्षमा मागून.

बागलाणी ताई, तुमच्या नवरीच्या चार ओळी पत्रकात घेऊ का? नाव हवं तर घालते.

बागलाणी

घ्या की. नाव नको. चंगळीचं वाक्य मात्र काढून टाका, सासरचे वाचतात.

इंदिरानगरची

शुक्रवारची खबर. शालिमारला प्रूफ बघून आले. डीटीपीवाल्याने मथळा 'पाठ राखण आणि पाठ पुरावा' असा तोडून लावला होता. म्हणाला, अशीच पद्धत आहे मॅडम, वाचायला सोपं जातं. काका, जोडूनच ना?

जुना मुद्रितशोधक

जोडून. 'पुरावा' सुटा ठेवलात तर लोक पुन्हा कागदपत्रं घेऊन येतील.