'झेड' केवळ अमेरिकन नव्हे
'ऑर्गनाइज'मध्ये 'झेड' लिहिणे ही अमेरिकन पद्धत असून ब्रिटिश इंग्रजीत फक्त 'एस' चालतो, हे नेहमी ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे. ऑक्सफर्डचा कोश मूळ ग्रीक प्रत्ययाला धरून 'झेड'लाच पसंती देतो. मात्र 'अ‍ॅनलाइज'ची व्युत्पत्ती निराळी असल्यामुळे तेथे तोच कोश 'एस' लिहितो, आणि 'अ‍ॅडव्हर्टाइज'मध्ये तर अमेरिकेतही 'एस'च रूढ आहे. 'ई' या अक्षराचेही असेच आहे: फोर्टमधील एका वकिलांच्या कचेरीत मसुदे तपासताना मी 'जजमेंट'मध्ये 'जी'नंतर 'ई' घातला होता, तो तेथील ज्येष्ठांनी शांतपणे खोडला, कारण न्यायालयाच्या निकालासाठी ब्रिटिश कायदेशीर लेखनातही तो 'ई' गाळण्याचाच प्रघात आहे. (शाळेत हाच 'ई' गाळला म्हणून माझा अर्धा गुण गेला होता.)