'एज ऑफ डार्कनेस' (१९८५): पुढे बघू की सोडून देऊ?

रानवारा: बीबीसीची ही सहा भागांची मालिका बघायला घेतलीये, दोन भाग झाले. घराच्या दारातच बापासमोर मुलीला गोळी घालतात, तिथे हादरलो. पण नंतर बाप नुसता घुम्यासारखा वावरतोय. पुढे वेग येतो का? की २०१०चा मेल गिब्सनचा सिनेमा बघून मोकळा होऊ? शेवट फोडू नका प्लीज.

उत्तररात्र: सिनेमा नको. दिग्दर्शक तोच, मार्टिन कॅम्पबेल, पण कथा यॉर्कशायरहून उचलून बॉस्टनला नेली. थॅचरबाईंचा ब्रिटन काढून घेतल्यावर त्या गोष्टीत जीव राहत नाही.

शेवटचीगाडी: अहो, सोडू नका! क्रेव्हन, म्हणजे तो बाप, मुलीच्या खोलीत जातो तो प्रसंग परत लावा आणि फक्त त्या भूमिकेतल्या बॉब पेककडे बघा. लेकीच्या वस्तू एकेक करून हातात घेतो आणि त्यांतच पिस्तूल निघतं. इतकी वर्षं पोलिसात काढलेला माणूस, आणि आपल्याच पोरीचं आयुष्य त्याला ठाऊक नव्हतं! माझ्या मते मालिका खरी तिथे सुरू होते.

सहकारी म्हणतात, गोळी तुझ्यासाठीच होती, उत्तर आयर्लंडमधलं जुनं वैर. त्याने ते मान्य केलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. ते त्याच्या गळी उतरत नाही, म्हणून तो नॉर्थमूर या साठवण केंद्रातल्या अणुकचऱ्यापर्यंत जाऊन भिडतो. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन यांनी सगळा कट त्या बापाच्या दुःखामागून चालवलाय, त्यामुळे सरकारी गुप्ततेच्या रुक्ष गोष्टीही जिव्हारी लागतात. प्रसारण १९८५च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधलं, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं. हे डोक्यात ठेवून बघितलं की पोटात गोळा येतो.

शिवाय सीआयएचा जेडबर्ग आहेच. त्या भूमिकेतला नट जो डॉन बेकर जेव्हा जेव्हा येतो, पडदा व्यापून टाकतो. पार्श्वसंगीतातल्या एरिक क्लॅप्टनच्या गिटारबद्दल तर वेगळा धागा काढावा लागेल.

रानवारा: बरं, पटलं. तिसरा भाग आज रात्री लावतो. रोज एकच बघू का?

शेवटचीगाडी: दोन-दोन बघा. बीबीसी टूवर संपल्यावर त्याच डिसेंबरमध्ये बीबीसी वनने लागोपाठ तीन रात्री रोज दोन भाग असेच दाखवले होते. निदान पाचवा आणि सहावा तरी एका बैठकीतच. पाचव्यानंतर झोप लागणार नाही तुम्हाला.