सिग्नल गेला की करंट?

बाल्साभुसा:
आमच्या मैदानावर रिमोटचं मॉडेल विमान पडलं की पंचनामा दोन शब्दांत आटोपतो: "सिग्नल गेला." परवा माझं बाल्साचं (हलक्या लाकडाचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, लूपमधून (उभ्या गोल गिरकीतून) बाहेर येताना दाद देईना. दोन-तीन सेकंदांनी शुद्धीवर आलं, तोवर बाभळीत. लगेच तिघांनी सांगितलं, भारीतला रेडिओ (रिमोटचा सेट) घे. माझं म्हणणं, रेडिओला हात लावू नका, आधी बीईसी बघा, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून विमानातल्या रिसीव्हरला वगैरे पुरवणारं सर्किट. माझ्या ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधला) बीईसी लिनियर, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा, आणि त्यावर चार मेटल गिअर डिजिटल सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). हवेचा जोर आला की चौघं मिळून 2 अँपिअर सहज ओढतात. भरलेली 3एस लिपो (तीन सेलची बॅटरी) 12.6 व्होल्टची, म्हणजे वरचे 7.6 व्होल्ट त्या इवल्या चिपने उष्णता करून जाळायचे. 2 अँपिअरला 15 वॉट झाले, छोट्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्म्याहून जास्त! व्होल्टेज पडतं, रिसीव्हर रीबूट होतो आणि बदनाम होतो सिग्नल.

कार्बनवाला:
सरसकट नको हो. माझ्या ग्लायडरला वेगळा 5 अँपिअरचा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) होता, तरी एका विशिष्ट बाजूने लांब गेलं की ते हुकायचंच. अँटेना मी कार्बनच्या बूमला (शेपटीच्या दांड्याला) चिकटवून ठेवली होती. 2.4 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 12.5 सेंटिमीटर, आणि अँटेनाचं काम करतं ते शेवटचं 31 मिलिमीटरचं उघडं टोक. तेच कार्बनच्या आडोशाला. दोन्ही अँटेना बाहेर काढून एकमेकींशी 90 अंशांत ठेवल्या आणि त्रास संपला. व्होल्टमीटर लावून हे जन्मात सापडलं नसतं.

बाल्साभुसा:
तुमचं कार्बन, माझं बाल्सा. लाकडाला सिग्नल अडत नाही.

चिमटेकाका:
आम्ही 72 मेगाहर्ट्झवर उडवायचो तेव्हा फळीवर चॅनलचे नंबर लिहिलेले कपड्यांचे चिमटे असायचे. चिमटा न घेता कुणी त्याच क्रिस्टलचा, म्हणजे त्याच चॅनलचा, सेट चालू केला की हवेतलं विमान गेलंच. तेव्हा सिग्नल खरोखर मारला जायचा. आताचे सेट फ्रीक्वेन्सी बदलत राहतात, शब्द मात्र जुनाच चिकटलाय. पण बाळा, पुरावा तुझ्याकडेही नाही. मोटर बंद पडली का? मोटर बंद आणि सर्व्हो चालू असतील तर ईएससीने बॅटरी उतरली म्हणून मोटर तोडलेली असते. सिग्नल शाबूत, बीईसीही शाबूत. सगळंच मेलं असेल तर पुढे बोलू.

बाल्साभुसा:
काका, मोटरकडे लक्षच नव्हतं, मी ओरडत होतो. पण रिसीव्हरचं व्होल्टेज सेटवर दिसतं. आत्ता दोन्ही स्टिक जोरात ढवळल्या तर 5.0 वरून 4.3 झालं.

अंगठाच_दोषी:
4.3 व्होल्टवर सहसा रिसीव्हर बंद पडत नाही. शिवाय जमिनीवर हवेचा जोर कुठे आहे? म्हणजे ही टेस्ट ना तुमच्या बाजूची, ना विरुद्ध. आता खरं बोलू? विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना एलरॉन (विमान कलवणारी पंखावरची पट्टी) उलटा दिला जातो आणि आपण म्हणतो "दाद देईना". मी स्वतः दोन विमानं अशी घालवली आणि दोन्ही वेळा खुशाल सिग्नलवर ढकललं.

बाल्साभुसा:
लूपमध्ये कसलं उलट-सुलट? एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) खेचला होता, बस. ऐका, भावाने एलिव्हेटर बोटाने दाबून धरला आणि मी बाकीचे सर्व्हो ढवळले: 3.6, आणि रिसीव्हरचा दिवा लुकलुकला.

कार्बनवाला:
बोटाने अडवलंत तर सर्व्हो स्टॉल होऊन भरमसाट करंट ओढणारच. हवा ट्रेनरच्या एलिव्हेटरला इतकं दाबते? रेंज टेस्ट केलीत का? रेंज मोड (सेटची ताकद मुद्दाम कमी करणारा) लावून 30 पावलं, कुणीतरी विमान धरून सगळ्या बाजूंनी फिरवायचं, मोटर फुल थ्रॉटलवर. मोटर बंद ठेवून केलेली टेस्ट म्हणजे उभ्या गाडीचा ब्रेक तपासणं.

बाल्साभुसा:
रविवारी करतो. यूबीईसी मात्र मागवला, 5 अँपिअरचा स्विचिंग, लिनियरसारखं व्होल्टेज जाळत न बसणारा. रेडिओच्या मानाने किरकोळ खर्च. आणि एक लाजिरवाणी गोष्ट, फेलसेफ (सिग्नल गेल्यावर विमानाने काय करायचं ते सेटिंग) उघडून बघितला तर सगळ्या चॅनलपुढे "ऑफ".

चिमटेकाका:
रविवार राहू दे, आत्ता उठ. प्रोपेलर काढ, थ्रॉटल शून्यावर फेलसेफ नोंदव, सेट बंद करून मोटर थांबते का बघ. मग बीईसीवर हवं तेवढं भांड.